काचेमागची खुर्ची

"ताई, दोनशे बारा वाचलात का?"

धाकटीने चाकांच्या खुर्चीसकट सरकत येऊन विचारलं, तेव्हा ताईला नवव्या प्रश्नावर अडकून अर्धा तास झाला होता.

"वाचतेय. आणि मला विचारू नकोस. आधी दोघींनी आपापलं भरायचं, मग बोलायचं."

"काय भरलं ते कुठे विचारलं? वाचलात का, एवढंच." धाकटीने आवाज उगाचच खाली आणला. "माझं भरून झालं. काय भरलं ते सांगत नाही. पण या ढिगात एक तरी धड निबंध निघाला, एवढं सांगितलं तर चालेल ना?"

"हे सांगणंच झालं की गं."

"सॉरी," म्हणत धाकटी खुर्चीसकट मागे गेली.

ताईला कचेरीत सगळे 'चाळणी' म्हणत. तोंडावर चाळणीताई, पाठीमागे नुसतंच चाळणी. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. कारण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत कामच चाळण्याचं होतं. ज्या मुलांना बोलायला, वाचायला, शिकायला इतरांपेक्षा वेगळी मदत लागते, त्यांना शिकवण्याच्या पद्धती ढीगभर. कोणी म्हणतं चित्रांतून शिकवा, कोणी म्हणतं गाण्यांतून, कोणी तर मुलांना थेट घोड्यावर बसवायला निघालेलं. प्रत्येकाच्या हातात आपला एक शोधनिबंध आणि प्रत्येकाचा दावा असा की मुलं सुधारली. ते सगळे निबंध गोळा करायचे, दोघींनी वेगवेगळं बसून चौदा प्रश्नांच्या कसोटीवर घासायचे आणि जे टिकतील त्यांच्यावरून शाळांना कळवायचं, की ही पद्धत वापरा, हिच्यात काही दम नाही, हिच्याबद्दल अजून सांगता येत नाही. शाळा त्याप्रमाणे वागत. प्रशिक्षणाचे वर्ग त्यावर सुरू होत आणि त्यावरच बंद पडत.

चोवीस वर्षं ताई हे करत होती आणि तिच्या हातून फारसं काही सुटत नसे. त्यातही नववा प्रश्न तिचा लाडका. 'मुलाच्या प्रतिसादांची नोंद दोन निरीक्षकांनी, एकमेकांचं न बघता, केली होती का?' शिकवणाऱ्याला आपलं मूल नेहमीच जास्त बोललेलं ऐकू येतं; म्हणून दुसरं कोणीतरी, बाजूला बसून, थंड डोक्याने बघणारं हवं. या एका प्रश्नावर तिने शेकडो निबंध बाद केले होते. एकदा एक वयस्कर शिक्षक भेटायला आले होते, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, अहो, मी एकटा शिक्षक, दुसरा माणूस आणू कुठून? ताईने त्यांना चहा पाजला, जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन त्यांचा निबंध बादच्या फायलीत ठेवला.

ती इतकी कडक का, हे मात्र कधी कोणी विचारलं नव्हतं.

दोनशे बारा क्रमांकाचा निबंध एकतीस वर्षांपूर्वीचा होता. चार मुलं, एक शिक्षिका, एक शाळा. पद्धतीचं नाव 'थांबणे'. मुलासमोर वस्तू धरायची, 'हे काय?' विचारायचं आणि मग दहा सेकंद काहीही करायचं नाही. सुचवायचं नाही, खुणवायचं नाही, नुसतं थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण बोलायला उशीर करणाऱ्या मुलापुढे दहा सेकंद गप्प राहणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. निबंधात लिहिलं होतं, की चारही मुलं आपणहून बोलू लागली. खाली छापलं होतं, 'दोन निरीक्षकांचं एकमत: सत्त्याण्णव टक्के.' आणि शेवटच्या पानावर आभाराची ओळ होती. त्या ओळीत दुसऱ्या निरीक्षिकेचं नाव होतं.

ते ताईचं होतं. माहेरचं. म्हणूनच धाकटीच्या लक्षात आलं नव्हतं.

"ताई," धाकटी लांबूनच म्हणाली, "मूळ नोंदींसाठी मी दोनशे बारावाल्या बाईंना पत्र घातलं होतं ना, त्यांच्या भाचीचा फोन आला. बाईंची नजर गेलीये. कागद, सीड्या सगळं जपून ठेवलंय म्हणे, कोणीतरी येऊन घेऊन जा. पत्ता तुमच्या घराकडचाच आहे. जाल का उद्या? साहेबांना शुक्रवारी यादी द्यायचीय."

"जाते," ताई म्हणाली. तोंडातून शब्द निघून गेला आणि मग तिने निबंध मिटला.

खरं तर नियम साधा होता. निबंधाशी आपला संबंध असेल, तर तसं लिहून द्यायचं आणि तो दुसऱ्याकडे सोपवायचा. पाच मिनिटांचं काम. पण लिहून दिलं असतं तर साहेब कौतुकाने म्हणाले असते, वा, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष तिथे होता! आणि हीच तर अडचण होती. ती तिथे नव्हती.

घरी नवरा स्टुलावर चढून कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होता. निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं आणि घरातली एकही बिजागरी आता कुरकुरायचं धाडस करत नव्हती.

"आपण लग्नाआधी कधी भेटायचो, आठवतं?" ताईने पर्स न ठेवताच विचारलं.

"न आठवायला काय झालं? मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोनला. बसथांब्यामागची बाग. तू धापा टाकत यायचीस आणि येताच म्हणायचीस, मला उशीर नाही झालाय, तू लवकर आलायस."

"त्या वेळी मी शाळेत असायला हवी होते."

"तू तर म्हणायचीस, दुपारची मोकळी असते."

"नव्हते मोकळी."

तो स्टुलावरून खाली उतरला. तिने सगळं सांगितलं. वर्गाच्या एका भिंतीला काच होती. वर्गातून बघितलं तर आरसा, पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून बघितलं तर खिडकी. त्या खोलीत एक लोखंडी खुर्ची. निबंध लिहिणाऱ्या मोठ्या बाई वर्गात शिकवायच्या आणि आपला तक्ता भरायच्या. आठवड्यातून दोनदा हिने खुर्चीवर बसून आपला वेगळा तक्ता भरायचा. 'आपणहून', 'मदतीने', 'नाही', असे तीन रकाने. असे अठरा तक्ते हवे होते. पहिले सहा तिने बसून भरले. मग हा भेटला. दुपारची ती खोली, तो उकाडा, तीच तीच मुलं, आणि पलीकडे बाग. वर्ग सुरू झाला की ती मागच्या दाराने निघायची आणि सुटायच्या आत परत यायची. उरलेले बारा तक्ते तिने शनिवारी बसून बाईंच्या तक्त्यांवरून उतरवले.

"सगळे सारखे?" नवऱ्याने विचारलं.

"इतकी का मी वेडी होते? मधे मधे मुद्दाम फरक ठेवले. सात ठिकाणी. खरं वाटावं म्हणून."

तो बराच वेळ तेलाची बाटली पुसत राहिला. मग म्हणाला, "पण आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या गं त्या."

"हो ना. तेच तर," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने दार उघडलं. घर लहान आणि लख्ख होतं. फरशीवर एकही वस्तू इकडची तिकडे नव्हती, कारण न दिसणाऱ्या माणसाला घराचा नकाशा बदललेला चालत नाही. मोठ्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. पंचेचाळिशीतला तो उंच, ताठ बांधा आता शहात्तराव्या वर्षी खुर्चीत मावला होता, वर जागा उरत होती.

"कचेरीतून आलेय," ताई दारातूनच म्हणाली.

बाईंनी मान वळवली. "परत बोल."

"कचेरीतून... कागद न्यायला."

"काचवाली!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की भाची स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, हीच ती काचवाली! मी तुला सांगते ना नेहमी, डोळ्यांत तेल घालून बसायची काचेमागे, ती. मेले, लग्न करून गेलीस ती गेलीसच. एकतीस वर्षांत एकदा तोंड दाखवलं नाहीस!"

ताईने वाकून त्यांचे हात धरले. ते हात तिला ओळखीचे वाटले नाहीत. बाईंनी तिला शेजारी बसवलं, तिचा चेहरा चाचपला, चष्मा लागला, जाडी झालीस, असं सगळं म्हणून घेतलं. चहा आला. बाई सांगत होत्या. चार मुलांपैकी दोघांचे अजून फोन येतात. एक मुलगा कारखान्यात खोके बांधतो. आणि ती मुलगी आठवते का, घड्याळवाली? समोर येईल त्याचं मनगट धरून घड्याळाला कान लावायची ती? तिच्या वडिलांची बदली झाली, मग काही कळलं नाही. असेल आता अडतिशीची.

"मग आता काय होणार माझ्या कागदाचं?" बाईंनी विचारलं. "तुमच्या कचेरीतली ती मुलगी भाचीला म्हणाली, की हे पार पडलं तर सगळ्या शाळांना कळवणार."

"हो. थांबण्याची पद्धत वापरा, असं."

"आणि नाही पार पडलं तर?"

"तर... पुरावा अपुरा, असं लिहायचं. मग आत्ता जे प्रशिक्षणाचे वर्ग चालू आहेत, ते बंद होतील."

"दुसरं कोणाचं काही नाही या पद्धतीवर?"

"आहेत तीन. तिन्ही बाद झालेत. दुसरा निरीक्षक नव्हता म्हणून."

बाई हसल्या. "बघ! मी तेव्हाच म्हणाले होते ना, दुसरं कोणी बघणारं असल्याशिवाय काही खरं नसतं. तुला खुर्चीवर बसवलं म्हणून तरलो आपण."

आता याच्यापुढे गप्प राहणं म्हणजे आणखी एक तक्ता उतरवण्यासारखंच होतं. ताईने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसेना.

"बाई, मी नव्हते."

"काय नव्हतीस?"

"काचेमागे. पहिले सहा दिवस होते. नंतरचे बारा तक्ते मी तुमच्यावरून उतरवले. शनिवारी. तुम्ही घरी गेल्यावर."

ताईला सवयीने सेकंद मोजावेसे वाटले आणि त्याची लाज वाटली. भाचीने स्वयंपाकघरातला नळ बंद केला होता.

"कुठे जायचीस?" बाईंनी शेवटी विचारलं.

"ह्यांना भेटायला. बागेत."

"बागेत." बाईंनी तो शब्द तोंडात घोळवला. "मी आरशाकडे बघून हात वर करायचे. आठवतंय का तुला? मूल बोललं की मी आरशाकडे बघून हात वर करायचे. तुला दिसलं का, म्हणून."

"आठवतंय."

"म्हणजे मी रिकाम्या खोलीला हात करायचे." बाईंचा आवाज चढला. "एकतीस वर्षं लोकांना सांगत आले मी, की माझ्या एकटीचं सांगणं नाही हे, दोघींनी बघितलंय. माणसं म्हणायची, बाई, तुम्हाला मुलांची माया, तुम्हाला तसं वाटतं. मी म्हणायचे, मला माया असेल, काचेमागचीला कसली माया? एकटी होते की गं मी तिथे! एकटीच होते!"

"बाई, मला माफ..."

"गप्प बस. माफीचं नंतर बघू." त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "लग्नाला मी काय नाही म्हणणार होते? सांगायचंस. दुपारची सकाळी केली असती. तू बसली असतीस तर..." आणि तिथे त्या थांबल्या. रागाखालून दुसरंच काही वर आलं असावं. "सीड्या आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, धाकटी म्हणाली."

"वर्गातल्या कॅमेऱ्याच्या टेपा बुरशीने गेल्या. दोन वाचल्या, त्या भाचीच्या नवऱ्याने सीडीवर उतरवून दिल्या. त्यातली एक पाचव्या आठवड्यातली आहे. गुरुवारची." त्यांनी 'गुरुवार' शब्दावर जोर दिला. "ती बघ. आत्ता. फाइल उघडू नकोस. आधी बघ, भर, मग माझ्या तक्त्याशी ताडून बघ. त्या दिवशी करायचं होतंस ते आज कर."

"बाई, त्याने आता निबंधाला..."

"निबंध गेला खड्ड्यात! मला कळायला हवं."

भाचीने संगणक आणून टेबलावर ठेवला. ताईने पर्समधून कोरा कागद काढला, पट्टी मागून घेतली आणि तीन रकाने आखले. रेघा सरळ आल्या. चोवीस वर्षांची सवय.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग वर्ग. ठेंगणं टेबल, दोन लहान खुर्च्या, भिंतीवर तो आरसा. ऐन उमेदीतल्या मोठ्या बाई. आणि समोर घड्याळवाली, सात वर्षांची, एक मोजा घोट्यापर्यंत उतरलेला. बाईंनी फुगा धरला. "हे काय?" मग शांतता. ताईने आपल्या घड्याळावर सेकंद मोजायला सुरुवात केली. मुलगी बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आठव्या सेकंदाला ती म्हणाली, "फुगा." पडद्यावरच्या बाईंचा चेहरा फुलला, त्यांनी आरशाकडे बघून हात वर केला.

ताईने 'आपणहून'च्या रकान्यात पेन टेकवलं आणि तिला काहीतरी खटकलं. तिने तेवढाच तुकडा मागे घेतला. पुन्हा बघितला. पुन्हा.

सहाव्या सेकंदाला बाईंचे ओठ मिटले होते आणि किंचित पुढे आले होते. आवाज नाही, काही नाही. त्यांना स्वतःला ते कळलंही नसणार. चमच्याने बाळाला भरवताना आईचं तोंड जसं आपोआप उघडतं, तसं. मुलगी ते बघत होती आणि ओठ हलल्यावरच बोलली होती.

तिने 'मदतीने'मध्ये खूण केली.

दुसऱ्या वस्तूच्या वेळी बाई खाली बघून काहीतरी लिहीत होत्या, मुलगी नुसती कंगव्याकडे बघत होती आणि म्हणाली, "कंगवा." हे खरं. तिसऱ्याला पुन्हा ओठ. चौथ्याला ओठ. ताई एकेक तुकडा तीन-तीनदा बघत होती. शेजारी बाई मान तिरपी करून ऐकत होत्या, मुलीचा आवाज आला की गालातल्या गालात हसत होत्या. त्यांना फक्त आवाज येत होता. ओठ दिसत होते ते ताईला एकटीला.

दहा वस्तू संपल्या, तिने रकाने मोजले आणि मग फाइल उघडली. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. बाईंच्या तक्त्यावर दहापैकी नऊ 'आपणहून'. त्यामागे तिच्या स्वतःच्या, सव्विसाव्या वर्षीच्या अक्षरात, दहापैकी आठ. पाचव्या ओळीत तिने मुद्दाम फरक ठेवला होता. बाईंनी 'आपणहून' लिहिलं, तिथे हिने 'मदतीने'. खरं वाटावं म्हणून. आणि आता समोरच्या कोऱ्या कागदावर पाचवी ओळ 'आपणहून' होती. मुलगी तेव्हा खिडकीबाहेर बघत स्वतःच्या मनाने बोलली होती. पाच चुकीची उत्तरं बागेत बसून बरोबर ठरवली आणि एक खरं उत्तर खोडलं ते मुद्दाम.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"किती?"

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. बाईंना कागद दिसत नव्हता. नऊ म्हटलं असतं, तर त्या आज रात्री सुखाने झोपल्या असत्या आणि आपलं आयुष्य वाया गेलं नाही, असं समजून गेल्या असत्या. ताईला हे सगळं एका क्षणात सुचलं, आणि हे आपल्याला इतक्या सहज सुचतं याचंच तिला वाईट वाटलं.

"चार," ती म्हणाली.

"दहापैकी?"

"हो."

"माझे किती आहेत त्यात?"

"नऊ."

बाईंचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून राहिले. "मी काय करत होते?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. शिकाऊ मुलीने आपली चूक विचारावी तसं विचारलं.

"ओठ हलत होते, बाई. थोडेसेच. ती तुमच्या तोंडाकडे बघून बोलत होती."

"ओठ." त्यांनी बोटांनी स्वतःचे ओठ चाचपले. "एवढंच?"

"एवढंच."

"मग मला कोणी सांगितलं असतं, तर मी तोंडावर रुमाल बांधला असता गं." त्या हसल्यासारख्या झाल्या. "एक रुमाल. पाचवा आठवडा होता, अजून चार आठवडे होते हातात. रुमाल बांधून पुन्हा बघितलं असतं. तेव्हा कळलं असतं, थांबल्याने खरंच होतं की नाही होत."

"हो."

"आता नाही ना कळणार?"

ताईने मान हलवली, मग लक्षात येऊन म्हणाली, "नाही कळणार, बाई."

हे तिने चोवीस वर्षांत किती जणांना कळवलं होतं, छापील पत्रावर, सही करून. त्या प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या टोकाला अशी एक खोली असेल, हे तिला माहीत असायला हवं होतं. तिने रुमाल काढून चष्मा पुसला आणि मग त्या रुमालाकडे बघवेना म्हणून तो पर्समध्ये कोंबला.

"तुमच्या त्या प्रश्नाचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "दुसऱ्या निरीक्षकाचा आहे ना काहीतरी?"

"नववा. त्याला 'नाही' लिहायचं. निबंध बाद. आणि माझा संबंध होता, मी काय केलं, ते वेगळं लिहून देणार आहे. साहेब काय करायचं ते करतील."

"नोकरी जाईल?"

"निवृत्तीला दहा महिने राहिलेत. जाईल किंवा नाही जाणार. पण आजवर मी तपासलेलं सगळं पुन्हा तपासतील बहुतेक."

"तपासू देत. आणि माझे ओठ हलत होते, तेही लिही. कोणाला तरी उपयोगी पडेल." बाई खुर्चीत सावरून बसल्या. "शाळांना मी फोन करते. थांबायचं सोडू नका, पण तोंडावर रुमाल बांधा आणि कोणाला तरी काचेमागे बसवा, म्हणून. ऐकतील न ऐकतील."

भाची दारात येऊन उभी राहिली. आत्याबाईंनी आता पडावं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. ताईने फाइल, सीड्या पिशवीत भरायला घेतल्या.

"थांब," बाई म्हणाल्या. "कुठले चार?"

"काय?"

"चार म्हणालीस ना. कुठले चार ते दाखव मला. ऐकव."

ताई परत बसली. तिने सीडी पुन्हा लावली आणि कंगवा ऐकवला. बाईंनी मान डोलावली. मग तिने तिसरं, चौथं सोडून दिलं आणि पाचव्यावर आणून थांबवलं.

"हे पाचवं. याला मी 'मदतीने' लिहिलं होतं. तेव्हा."

"आणि आज?"

"तुम्हीच ऐका."

पडद्यावर तरुण बाईंनी कुलूप उचललं. "हे काय?" मग ती जुनी, खरखरती शांतता सुरू झाली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. खुर्चीतल्या बाई पुढे वाकल्या. आणि त्यांनी आपला तळहात उचलला, घट्ट ओठांवर दाबून धरला आणि तशाच बसून राहिल्या.

ताई सेकंद मोजत होती. पाच. सहा. सात. आठ.

"कुलूप," मुलगी म्हणाली.

हात तोंडावरून न काढताच बाईंनी दुसऱ्या हाताने टेबलावर चाचपून ताईचं पेन शोधलं आणि तिच्या हातात दिलं.